दिवेलागणीच्या आत मांडवी

मंडणगडहून पहाटे सायकलवर निघालेला मनुष्य, एकटा, त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत रत्नागिरीस मांडवीवर पोहोचू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे लिहावयास घेतले आहे. प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. आमच्या मांडवीत त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, पेठेमास्तर पोहोचले. दुसरा म्हणतो, छे, हुकले. दोन्ही पक्षांतील बहुतेक मंडळी त्या संध्याकाळी शिमग्याच्या खेळांत गुंतलेली होती. प्रत्यक्ष कोणी काही पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी पेठेमास्तर कोण होते हे सांगितले पाहिजे, कारण वाट मोजायची तर ती कोणाच्या पायांनी, हे आधी ठरावे लागते.

यशवंत पेठे आमच्या शाळेत भूगोल शिकवीत, मी अंकगणित. आमच्या घरांमध्ये एक जांभ्या दगडाचा गडगा होता आणि त्या गडग्यावरून आमचा सगळा शेजार चाले. मास्तर उंचीने बेताचे, अंगाने सडसडीत; पोटऱ्या मात्र खलाशाच्या दंडासारख्या. धोतराचा काचा मारलेला, टोपी मागे सरकलेली, आणि डोळे नेहमी बोलणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे कोठे तरी लागलेले. पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. घरात ते आणि त्यांची आई, माई. थोरले बंधू अण्णा मुंबईस कापडाच्या पेढीवर होते आणि शिमग्या-गणपतीस आगबोटीने येत.

मास्तर बसत नसत. हे वाक्य मी अलंकारिक अर्थाने लिहिलेले नाही. वर्गात त्यांच्या खुर्चीवर पृथ्वीचा गोल ठेवलेला असे आणि ते त्याच्याभोवती फिरत. मुलांच्या माना घड्याळाच्या लंबकाप्रमाणे डावीकडून उजवीकडे आणि परत अशा चालू राहत. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी सौजन्याने म्हटले, "मास्तर, आपण बसून शिकवा." मास्तर म्हणाले, "बसलो असतो, साहेब. पण खुर्चीवर पृथ्वी आहे. आणि तिलासुद्धा बसवून शिकवता येत नाही, फिरवावी लागते." साहेब हसले. पुढे तपासणी संपेपर्यंत तेही उभेच राहिले.

पंगतीत त्यांचे फार हाल होत. आपल्याकडे पंगतीतून एकट्याने उठण्याची रीत नाही. शेवटच्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत सर्वांनी हात वाळवत बसायचे. मास्तरांचे जेवण चार घासांत आटपे आणि मग त्यांचे गुडघे चुळबुळू लागत. गावातील वात्रट यजमान मुद्दाम त्यांचे पान अत्यंत सावकाश जेवणाऱ्या एका वृद्ध वैद्यांच्या शेजारी मांडीत. एका मुंजीत वैद्यबुवांनी तिसऱ्यांदा आमटी मागितली, तेव्हा मास्तर कळवळून म्हणाले, "वैद्यबुवा, पथ्य नावाची काही गोष्ट असते ना हो?" वैद्यबुवा शांतपणे म्हणाले, "असते की. घाईने जेवू नये, हे पहिले पथ्य."

अशा मनुष्याच्या हाती सायकल आली, तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करता येईल. ती त्यांनी एका बदलून जाणाऱ्या कारकुनाकडून घेतली होती. जड, काळी, घंटा मोडलेली. प्रत्येक रविवारी ते तिच्यावर नाहीसे होत. ज्यांनी आमचा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. येथे वर सडा असतो, म्हणजे कातळाचे उघडे माळ. त्यावर सायकल सुरेख चालते. सड्यावरून गाव गाठायचा तर दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते. तेथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. गावाखाली खाडी असते. तेथे सायकल होडीत घालावी लागते. मास्तर म्हणत, "अर्धी वाट ती मला नेते, अर्धी मी तिला नेतो. संसार याहून वेगळा काय असतो?" भाट्याच्या तरीवरचा, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवरचा, तांडेल त्यांना पाहिले की ओरडे, "मास्तर, आज बाईला बसवू की निजवू?" आणि मास्तर उत्तर देत, "निजव बाबा, रात्रभर वल्ह्यासारखी करकरत होती."

त्या सायकलीला त्यांनी दिवा कधी लावला नाही. मी एकदा कारण विचारले. "दिवा असला की उशीर करायची सवय लागते," ते म्हणाले.

खाड्यांमुळे त्यांना भरती-ओहोटीचा हिशेब ठेवावा लागे, आणि तो ते मुलांनाही शिकवीत. आमच्या किनाऱ्यावरचा हा जुना ठोकताळा आहे; वाचकांनाही उपयोगी पडेल. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजावे. वर्गात अधूनमधून मास्तर एकदम थांबत आणि बोट रोखीत, "आज तिथी काय? समुद्र कोठे आहे?" ज्या मुलाला उत्तर येई त्याला खिडकीशी जाऊन खाडी पाहण्याची मोकळीक मिळे. बाकीचे त्याचा हेवा करीत.

साल तिसाच्या आगेमागे मास्तरांची बदली मंडणगडास झाली. जिल्ह्याचे ते उत्तर टोक. आम्हांला मुंबईपेक्षा लांब वाटे, कारण मुंबईस निदान आगबोट तरी जाते. मास्तरांना मात्र बदलीचा आनंद झाला. नवे सडे, नव्या पाखाड्या. अडचण माईंची होती. सत्तरीच्या घरातल्या माईंनी मांडवीत एकटे कसे राहावे? अण्णा त्यासाठी मुद्दाम मुंबईहून आले. ओटीवर बोलणे झाले तेव्हा शेजारी म्हणून मलाही बोलावले होते.

अण्णा रागीट नव्हते. सरळ, हिशेबी, घर सांभाळणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "यशवंता, राजीनामा दे. पेढीवर जागा आहे. माईलाही घेऊन चलू. घर बंद करू."

मास्तर अंगणात फेऱ्या घालीत होते. "पेढीवर काय करू?"

"काय करू म्हणजे? बसायचं. गादीवर बसायचं, गिऱ्हाईक आलं की कापड दाखवायचं."

"बसायचं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या फेऱ्यांचा वेग वाढला.

"वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "ते मला पुन्हा नको. उद्या माईला काही झालं, तर तू मंडणगडहून कधी येणार?"

"त्याच दिवशी."

"कसा?"

"सायकलवरून."

अण्णा माझ्याकडे पाहून हसले. पण मास्तर थांबले होते. ते थांबले की गोष्ट गंभीर असे. अखेर ठरले ते असे: मास्तरांनी तूर्त मंडणगडास रुजू व्हावे. शिमग्यास अण्णा येतील, तेव्हा मास्तरांनी एका दिवसात येऊन दाखवावे. पहाटे मंडणगड सोडावे आणि दिवेलागणीच्या आत या घराच्या उंबऱ्याशी उभे राहावे. जमले तर नोकरी त्यांची, माई येथेच. न जमले तर दोघांनी अण्णांबरोबर मुंबई. "आणि साक्षीला हे," अण्णांनी माझ्याकडे बोट केले. "अंकगणितवाले आहेत, कमीजास्त करणार नाहीत."

"माई, तुला काय वाटतं?" मास्तरांनी विचारले.

माई दाराआड तांदूळ निवडीत होत्या. "मी काय सांगणार हो? तुम्ही दोघे ठरवाल त्यात मी आल्ये," त्या म्हणाल्या, आणि सूप पाखडू लागल्या.

मास्तरांनी दिवस निवडला फाल्गुन वद्य द्वितीयेचा. निवड शास्त्रशुद्ध होती. पौर्णिमा नुकती होऊन गेल्यामुळे पहाटे निघताना पश्चिमेकडे भरपूर चांदणे मिळणार. द्वितीया म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास. तेथून पुढे पाणी उतरत जाणार, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आरे-वाऱ्याची खाडी पायी ओलांडता येणार आणि काळबादेवीची वाळूची पुळण ओली, घट्ट, सडकेसारखी मिळणार. मार्ग त्यांनी किनाऱ्याचा धरला. मंडणगड, दापोली, दाभोळ, तेथे होडीची तर. गुहागर, हेदवी, तवसाळ, तेथे तर. जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आणि मग मांडवी. चिपळुणावरून सडक होती, पण ती लांबून वळसा घेते. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत नव्हतो, कोणीच नव्हते. पुढील हकीकत त्यांनी सांगितली तशी देतो. जेथे शक्य झाले तेथे मी मागाहून स्वतः चौकशी करून ताडून घेतली आहे.

दापोलीपर्यंत सर्व हिशेबाप्रमाणे झाले. दाभोळच्या उतारावर ब्रेक जळाल्याचा वास येऊ लागला म्हणून ते उतरून चालले. तरीत त्यांनी उभ्यानेच दशम्या खाल्ल्या. हेदवीच्या चढावर काट्याने चाक बसले. पंक्चर काढताना बसावे लागले, त्याचा त्यांना मनस्वी त्रास झाला. तरीसुद्धा तवसाळची तर त्यांना वेळेवर मिळाली आणि जयगडास उतरले तेव्हा सूर्य चांगला वर होता. मास्तरांनी मला सांगितले की, त्या क्षणी ते मोठ्याने गात होते, आणि चाल कोणती होती हे त्यांना आठवत नव्हते.

मग त्यांची चूक त्यांना भेटली.

त्यांनी पंचांगातून तिथी घेतली होती, चंद्र घेतला होता, भरती घेतली होती. त्याच पानावरचा शिमगा मात्र त्यांनी हिशेबात धरला नव्हता. मांडवीच्या माणसाला शिमगा म्हणजे संध्याकाळची मौज. खेडोपाडी तसे नसते. तेथे होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी दिवसाउजेडी घरोघर फिरते, आणि ती वाटेवर असली म्हणजे वाट तिची असते. जयगड-मालगुंडाच्या दरम्यान एका गावात वळणावर ढोल ऐकू आला आणि पुढे गुलालाने लाल झालेला सारा रस्ता माणसांनी भरलेला दिसला.

मास्तर उतरले, हात जोडले आणि कडेने निघू लागले. तेवढ्यात कोणी सायकलचे मागचे चाक धरले. तुकाराम नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी होता, मुंबईहून शिमग्यास आलेला.

"आवो मास्तर! पेठेमास्तर! खय पळताव?"

"तुकाराम, सोड. मला दिवेलागणीच्या आत मांडवीला पोहोचायचं आहे. आई वाट बघते आहे."

"आय बगतेय तर बगू दे थोडी. देव समोर आला न् तुमी कडेकडेन जाताव? शाळेत आमाला रांग मोडली म्हनून उबं करीत होताव!"

भोवतालची मंडळी हसली. एक म्हातारा मानकरी पुढे आला. "मास्तर, रस्ता सरकारचा खरा. पन आज द्येवाचा हाय. खांदा द्या न् जावा."

मास्तरांनी सूर्याकडे पाहिले. "देतो. पण चालती ठेवा. उभी करू नका."

"ता आमच्या हातात न्हाय," म्हातारा म्हणाला. "ता द्येवाच्या हातात."

मास्तरांनी सायकल तुकारामाच्या हाती दिली आणि पालखीचा दांडा खांद्यावर घेतला. पालखी नाचवणे ज्यांनी केले असेल त्यांना ठाऊक आहे की, एकदा दांडा खांद्यावर आला म्हणजे कोठे जायचे ते आपण ठरवीत नाही. ती मागे ओढते, पुढे झेपावते, जागच्या जागी फिरते. मास्तर आयुष्यभर स्वतःच्या घाईने फिरले होते. त्या दिवशी प्रथमच दुसऱ्याच्या मर्जीने फिरले. तुकाराम मला सांगत होता, "मास्तरांच्या डोळ्यांतून पानी येत व्हतं. मला वाटलं भक्ती. नंतर कळलं, येळ चालला व्हता म्हनून." पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या चौथऱ्यावर, टेकेपर्यंत त्यांना सुटका नव्हती. सुटले तेव्हा उन्हाचा रंग बदलला होता.

त्यानंतर ते ज्या वेगाने आले त्याचे वर्णन मी करीत नाही, कारण त्याला साक्षीदार नाही. एवढे नमूद करतो की, आरे-वाऱ्याच्या खाडीत त्यांना कंबरभर पाणी अपेक्षित होते. उशीर झाल्यामुळे ते गुडघ्याखाली उतरले होते. पालखीने घेतलेल्या वेळातला थोडा असा परत मिळाला. पण सगळा नव्हे. काळबादेवीच्या पुळणीवर त्यांना सूर्य पाण्याला टेकलेला दिसला. पुढे साखरतरच्या खाडीवर होडीत पाय ठेवला तेव्हा तो दिसत नव्हता.

आता मांडवी.

आम्ही ओटीवर होतो. अण्णा आत-बाहेर करीत होते. त्या दिवशी त्यांच्यात आणि त्यांच्या धाकट्या भावात मला प्रथमच साम्य दिसले. सूर्य बुडाला. गल्लीत एकेक घर उजळू लागले. गडग्यापलीकडे माझ्या घरातही दिवा लागला.

"माई," अण्णा म्हणाले, "तिन्हीसांज झाली. दिवा?"

"लावत्ये हो. काच पुसत्ये." माई कंदिलाची काच पदराने पुशीत होत्या. ती आधीच इतकी स्वच्छ होती की दिसत नव्हती.

थोडा वेळ गेला. "माई, दिवा."

"वात नीट नाही. वळत्ये."

पुन्हा थोडा वेळ. समुद्रावरून वारा सुटला होता आणि दूर शिमग्याच्या खेळ्यांचा गलका चालला होता. अण्णा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "माई, लक्ष्मीची वेळ टळून चालली. तूच आम्हांला शिकवलंस ना, या वेळी घरात अंधार ठेवू नये म्हणून?"

"काडेपेटी दमट झाल्ये रे. लागत नाही."

"दे, मी लावतो."

"राहू दे."

"मग चुलीतला विस्तव आणतो."

"चुलीच्या विस्तवाने देवाचा दिवा लावतात होय रे? मुंबईत लावत असाल." त्यांचा आवाज कडक होता. काडेपेटी त्यांच्या मुठीत होती. मला ती दिसत होती, अण्णांनाही दिसत होती. ज्या बाईने पन्नास-साठ वर्षांत एक संध्याकाळ दिव्याला उशीर केला नव्हता, पतीच्या दिवसांतही केला नव्हता, ती आज काळोखात बसली होती आणि एकामागून एक खोटे बोलत होती. अण्णांनी एकदा त्या मुठीकडे पाहिले. मग ते पायरीवर माझ्याशेजारी बसले आणि पुन्हा दिव्याचे नाव त्यांनी काढले नाही.

काळोख पुरता झाला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मोडक्या घंटेची खुळखुळ ऐकू आली. मास्तर सायकलवर नव्हते. सायकल खांद्यावर होती. पुढचे चाक वाकले होते. ते अंगणात आले, उंबऱ्यापर्यंत आले आणि उभे राहिले. माझ्या घरातील उजेडात त्यांचे कपाळ आणि खांदा लाल दिसत होता.

अण्णा ताडकन उठले. "रक्त?"

"गुलाल," माई आतून म्हणाल्या. त्यांनी कसे ओळखले कोण जाणे.

"अण्णा, मला उशीर झाला," मास्तर म्हणाले. "पालखी भेटली. मी हरलो. बोटीत माझी जागा धर."

तेवढ्यात आत काडी ओढल्याचा आवाज झाला. पहिल्याच ओढीला पेटली. माईंनी देवापुढचा दिवा लावला, मग कंदील लावला, तो घेऊन उंबऱ्याशी आल्या आणि मुलाच्या तोंडासमोर धरला.

"उशीर कसला?" त्या म्हणाल्या. "मी आत्ता लावत्ये आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "बोला मास्तर. साक्षीदार तुम्ही."

मी म्हणालो, "ते उंबऱ्याशी उभे राहिले तेव्हा या घरात दिवा लागलेला नव्हता."

"मग झालं," अण्णा म्हणाले. "आला वेळेत." आणि ते भावाच्या पाठीवरचा गुलाल झटकू लागले, जितका झटकावा तितका अधिक पसरत गेला. दोन दिवसांनी आगबोटीने ते एकटेच मुंबईस गेले. जाताना मला म्हणाले, "आमच्या पेढीवर असं मोजलं असतं तर मालकाने हाकलून दिलं असतं." पण ते हसत होते.

मास्तर मंडणगडास राहिले. सुट्ट्यांत येत, उन्हाने अधिकाधिक काळे होऊन. माई पुढे काही वर्षांनी दिवाळीच्या सुमारास गेल्या. तेव्हा मास्तर सुटीसाठी घरीच होते. ज्या प्रसंगासाठी हा सारा खटाटोप झाला त्या प्रसंगी सायकलची गरज पडलीच नाही. तरीही त्यांचे येणे थांबले नाही. घर बंद असे. कधीतरी संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज येई, दिवा दिसे, आणि सकाळी पुन्हा कुलूप असे.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते अशाच एका संध्याकाळी. त्यांचे केस पांढरे झाले होते. गल्लीत दिवे लागले होते, त्यांच्या घरात काळोख होता. सायकल गडग्याला टेकलेली, आणि मास्तर उंबऱ्यात बसलेले. नीट मांडी घालून, पाठ चौकटीला लावून बसलेले. इतक्या वर्षांच्या शेजारात हे मी पाहिले नव्हते.

मी गडग्यावरून विचारले, "मास्तर, दिवा नाही लावलात? काडेपेटी देऊ?"

"आहे माझ्याजवळ," ते म्हणाले. मूठ उघडून त्यांनी दाखवली. "लावतो. थोडा वेळ आहे अजून."

मी आत आलो. पुष्कळ वेळाने त्यांच्या घरात उजेड दिसला.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर, पोहोचू शकतो, असे आहे. परंतु साक्षीदार एकच आहे आणि तो शेजारी आहे, म्हणून त्यावर विसंबू नये. ज्यांना शक्य असेल त्यांनी फाल्गुन वद्य द्वितीयेस पहाटे मंडणगड सोडावे, भरती तिथीच्या पाऊणपटीने काढावी, वाटेत पालखी भेटल्यास खांदा द्यावा, आणि आपल्या घरात दिवा केव्हा लागतो ते स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.